मोजता येते, वाचता येत नाही

पॅसिफिक महासागराच्या आग्नेय भागात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर, रापा नुई नावाचे जेमतेम 164 चौरस किलोमीटरांचे बेट आहे. 1722 साली ईस्टरच्या रविवारी डच दर्यावर्दी याकोब रोखेव्हेन तिथे पोचला, म्हणून जगाच्या तोंडी ईस्टर बेट हे नाव बसले. बेटाचे नाव निघाले की डोळ्यांपुढे येतात ते समुद्राकडे पाठ करून उभे असलेले दगडी मोआई. पण याच बेटावर लाकडी फळ्यांवर कोरलेली एक लिपीही होती. तिला रोंगोरोंगो म्हणतात. माणसे, पक्षी, मासे, कासवे, रोपे, चंद्रकोरी अशा इवल्याशा आकृत्या ओळीने आणि दाटीवाटीने कोरलेल्या. हत्यार म्हणजे शार्कचा दात किंवा ज्वालामुखीच्या काचेची कपची. आज जगभरच्या संग्रहांत मिळून अशा दोन डझनांच्या आसपास वस्तू उरल्या आहेत. त्यांतल्या एकीचे नाव मामारी, म्हणजे अंडे. ती रोममध्ये एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या ताब्यात आहे. लांबी 29 सेंटिमीटर, रुंदी साडेएकोणीस. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा ओळी आणि एकंदर हजाराच्या घरात चिन्हे. तिच्या एका बाजूच्या सहाव्या ते नवव्या ओळीत कोरलेला मजकूर चांद्रमासाविषयी आहे, याबद्दल अभ्यासकांचे बऱ्यापैकी एकमत आहे. उरलेल्या सगळ्या रोंगोरोंगो साहित्यातल्या दुसऱ्या कुठल्याही उताऱ्याबद्दल एवढे एकमत नाही. आणि तरीही त्या ओळींतला एक शब्द छातीठोकपणे उच्चारून दाखवेल असा माणूस आज पृथ्वीवर नाही.

विषय ठाऊक आणि शब्द अज्ञात, ही अवस्था विचित्र वाटते. पण अवाचित लिप्यांच्या इतिहासात ती अपवादाची नव्हे. एका ओळीत सात सारख्या रेघा असतील तर त्या सात आहेत हे कळायला भाषा यावी लागत नाही. गणती ही लिखाणातली अशी एक गोष्ट आहे, जी निरक्षरालाही दिसते. म्हणून अनोळखी लिपीत शिरणाऱ्याच्या हाती बहुधा सर्वांत आधी लागते ते कालगणनेचे सूत्र. आणि नेमक्या याच कारणाने जे तिथे नाही तेही सर्वांत सहज ‘सापडते’. मामारीवरचे पंचांग खरे का मानायचे आणि रोंगोरोंगोत सापडल्याची सांगितली जाणारी इतर बरीचशी कालचक्रे का मानायची नाहीत, हा भेद नीट करता आला पाहिजे. तो करायचा तर आधी हे पाहायला हवे की या लिपीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते आले कुठून.

डिसेंबर 1862 पासून पुढच्या काही महिन्यांत पेरूहून आलेल्या जहाजांनी बेटावरून चौदाशेच्या आसपास माणसे मजुरीसाठी पळवून नेली. त्यांत सरदार होते, पुरोहित होते, आणि फळ्या म्हणणारे जाणकारही होते. जे थोडे जिवंत परतले त्यांनी सोबत देवी आणली. पुढे क्षय, उपासमार आणि स्थलांतर यांनी उरलेले काम केले; 1877 मध्ये बेटाची लोकसंख्या 111 वर आली होती. याच पडझडीत, जानेवारी 1864 मध्ये, यूजेन एरो नावाचा फ्रेंच धर्मबंधू तिथे उतरला. त्याच वर्षाअखेरच्या वृत्तांतात त्याने लिहिले की घरोघरी चित्रलिपी कोरलेल्या फळ्या नाहीतर काठ्या आहेत, पण लोकांना त्यांची फारशी पर्वा दिसत नाही. चारपाच वर्षांनी ताहितीचे बिशप जोसाँ यांना बेटावरून केसांच्या लांबलचक दोरीची भेट आली. दोरी ज्या लाकडाभोवती गुंडाळली होती त्यावर चिन्हे दिसली आणि बिशप चमकले. त्यांनी आणखी फळ्या शोधायला सांगितले तेव्हा घरोघरच्या त्या साठ्यातल्या मोजक्याच हाती आल्या. बाकीच्या जळणात गेल्या, गुहांत लपवल्या गेल्या, काहींची मासेमारीच्या दोरीची रिळे झाली. सहा वर्षांपूर्वी त्या वाचणारी माणसे होती, आता फळ्या होत्या आणि वाचणारे नव्हते.

वाचून घेण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. ताहितीच्या मळ्यात कामाला असलेला मेतोरो नावाचा रापा नुईचा माणूस जोसाँ यांना सापडला. त्याने चार फळ्या हातात घेऊन गाऊन दाखवल्या आणि बिशपनी ते सारे वहीत उतरवून घेतले. मामारी त्या चारांत होती. पण मेतोरोचे गाणे म्हणजे समोरच्या आकृतीचे वर्णन होते: हा पक्षी, हा माणूस, हा चंद्र. वाक्य म्हणून त्यातून काही उभे राहत नव्हते. 1886 मध्ये अमेरिकन जहाज मोहिकनचा खजिनदार विल्यम थॉमसन बेटावर आला. त्याने उरे वाए इको नावाच्या म्हाताऱ्याला फळ्यांचे फोटो दाखवले. म्हातारा मिशनऱ्यांच्या भीतीने आधी लपून बसला, मग म्हणू लागला. पण मधेच फोटो बदलला तरी त्याच्या म्हणण्यात खंड पडेना. हे दोघे लबाड होते असे म्हणण्याची माझी तयारी नाही. पाठांतराची परंपरा असलेल्या समाजात फळी समोर असणे आणि फळी वाचणे यांत अंतर असू शकते. पण लिपी उलगडायला या दोघांच्या साक्षीचा उपयोग जेमतेमच झाला. थॉमसनची खरी कमाई वेगळीच ठरली. त्याने जाता जाता बेटावरच्या महिन्यांची आणि महिन्यातल्या प्रत्येक रात्रीची नावे टिपून घेतली.

ती नावे कामाला आली सत्तर वर्षांनी. जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी रोंगोरोंगोचा सगळा उपलब्ध संग्रह एकत्र करून, प्रत्येक फळीला अक्षर आणि प्रत्येक चिन्हाला क्रमांक देऊन 1958 साली ग्रंथ छापला. मामारीच्या त्या ओळींत त्यांना दिसले ते असे. चंद्रकोरीचे चिन्ह एकामागून एक येत राहते, पण सलग नव्हे. लहानमोठ्या, असमान गटांत येते आणि गटांच्या दरम्यान ठरावीक चिन्हांची एकच मालिका पुन्हा पुन्हा हजेरी लावते. त्या मालिकेत दोरीला लटकलेला मासा आहे. कोरींच्या रांगेच्या मध्याच्या आसपास एक चिन्ह असे येते की जे कोरीसारखे नाही: गोल बिंब, आणि त्यात बसलेली आकृती. पोलिनेशियातल्या कथांत चंद्रात एक म्हातारी आहे. रापा नुईत ती आकाशात भट्टी पेटवते, जमिनीत खड्डा खणून अन्न भाजतात तसली. आपल्याकडच्या मुलांना चंद्रावर ससा दिसतो, तिथल्या मुलांना म्हातारी. पूर्ण चंद्राच्या जागी पूर्ण चंद्राची म्हातारी बसलेली पाहून बार्थेल यांनी हा चांद्रमास आहे असे ओळखले, यात नवल नाही.

आता शंका अशी निघते की कोर दिसली म्हणून चंद्र आणि चंद्र दिसला म्हणून पंचांग, ही मेतोरोचीच पद्धत झाली. चिन्ह ज्या वस्तूसारखे दिसते त्या वस्तूचेच ते असेल असे नाही. देवनागरीतला ‘ग’ कुणाला काठी टेकून उभ्या माणसासारखा दिसला तर तो माणूस होत नाही. शंका रास्त आहे, आणि नुसत्या कोरींच्या आकारावर सारे बेतले असते तर मीही ती मान्य करून थांबलो असतो. पण मामारीचा पुरावा आकाराचा नाही, रचनेचा आहे. माशाकडे पाहा. मध्यावरच्या त्या बिंबाच्या आधी येणाऱ्या मालिकांत माशाचे डोके वर आहे आणि नंतरच्या मालिकांत खाली. इथे एक खोच आहे. रोंगोरोंगो लिहिण्याची तऱ्हा नांगरणीसारखी, एक तास संपला की वळून दुसरा. त्यातही प्रत्येक पुढची ओळ मागचीच्या मानाने उलटी, पाय वर डोके खाली. वाचणाऱ्याने ओळ संपताच फळी फिरवायची. तेव्हा मासा उलटला तो ओळ उलटली म्हणून, असे कुणी म्हणेल. तसे नाही. प्रत्येक ओळ तिच्या आपल्या बाजूने सुलट धरली तरी माशाचा हा फरक टिकतो. म्हणजे कोरणाऱ्याने तो मुद्दाम केला आहे आणि ज्या ठिकाणी केला आहे ते ठिकाण पौर्णिमेच्या चिन्हाने ठरते. चढता पक्ष, उतरता पक्ष.

दुसरा आधार रात्रींच्या याद्यांचा. थॉमसननंतर 1934-35 मध्ये आल्फ्रे मेत्रो यांनी आणि पुढे बेटावरच राहिलेल्या फादर सेबास्टियन एंग्लर्ट यांनी तशाच याद्या जमवल्या. त्यांतून महिन्याचा साचा असा दिसतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्रींनंतर कोकोरे नावाच्या सहा रात्री येतात, कोकोरे एक, कोकोरे दोन, अशा नुसत्या आकड्यांनी ओळखायच्या. मग माहारू, हुआ, आतुआ अशी स्वतंत्र नावे सुरू होतात, ती ओमोतोही या पौर्णिमेच्या रात्रीपर्यंत. पौर्णिमेनंतर पुन्हा कोकोरे, पण या खेपेला पाचच. त्यानंतर तापुमे, मातुआ, ओरोंगो करीत माउरी आणि मुतूपाशी चंद्र संपतो. गोळाबेरीज अठ्ठावीस रात्रींची. शिवाय होतू आणि हिरो ही दोन नावे अशी, की त्यांच्या बाबतीत याद्यांत मेळ नाही. 1990 साली जाक गी या भाषाशास्त्रज्ञाने हा बेमेळच किल्ली म्हणून वापरला. त्याचे म्हणणे असे की होतू आणि हिरो या नेहमीच्या रात्रीच नव्हेत, त्या भरीच्या रात्री. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणून अठ्ठावीस रात्रींच्या ठरलेल्या महिन्यात कधी एक, कधी दोन रात्री घालाव्या लागतात; मामारीवर कोरला आहे तो नुसता रात्रींचा पाढा नव्हे, तर भरीची रात्र केव्हा घालायची याचा नियम.

तिथीची वृद्धी आणि क्षय रोजच्या बोलण्यात असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये, मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. आपली तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या बारा-बारा अंशांच्या अंतराने मोजायची गणिती गोष्ट आहे. ढग असोत नसोत, ती गणिताने ठरते. रापा नुईची रात्र डोळ्यांनी पाहून ठरायची. चंद्र कधी पृथ्वीजवळ असतो, कधी दूर, त्यामुळे खऱ्या चांद्रमासाची लांबी थोडी कमीजास्त होत राहते आणि बिंबही किंचित लहानमोठे दिसते. बिंबाच्या या लहानमोठेपणावरून भरीची रात्र ठरवीत असावेत, इथवर गीची मजल गेली. हा शेवटचा टप्पा मला डळमळीत वाटतो. उघड्या डोळ्यांना बिंबातला एवढा फरक महिन्यामहिन्याला टिपता येतो का, हा प्रश्न आहे. आणि कोरींचा लहानमोठेपणा कोरणाऱ्याच्या हाताचा नसून मनातला आहे, हे चार ओळींवरून सिद्ध करणे कठीण. पण त्याच्या मांडणीचा पाया, म्हणजे असमान गट आणि अठ्ठावीस अधिक दोन हा हिशेब, या टप्प्यावर अवलंबून नाही.

याद्यांवरच कुणी आक्षेप घेईल. बेट उद्ध्वस्त झाल्यावर, धर्मांतर झाल्यावर, निदान वीस आणि कमाल ऐंशी वर्षांनी गोळा केलेल्या नावांवर विसंबायचे कसे? म्हाताऱ्यांनी आठवेल तसे सांगितले असेल, मिशनऱ्यांच्या ताहितियन भाषेतून नावे शिरली असतील. याचे उत्तर बेटाबाहेर, सात हजार किलोमीटरांवर हवाईत आहे. तिथल्या रात्रींची नावे पाहिली तर माहारूच्या जागी मोहालू, हुआला हुआ, आतुआला अकुआ, राकाऊला लाआऊ, ओरोंगोला लोनो, ताने या नावाला काने, माउरीला माउली आणि मुतूला मुकू भेटतात. हवाईच्या भाषेत ‘त’चा ‘क’ आणि ‘र’चा ‘ल’ झालेला आहे, त्यामुळे ही जुळणी कानाला ऐकू येण्याजोगी आहे. इतकेच नव्हे, तर कोकोरेच्या जागी हवाईत ओले नावाच्या आकड्यांच्या रात्री आहेत, आणि कोरे काय किंवा ओले काय, दोहोंचा अर्थ ‘नाही’, ‘विना’ असा. न्यूझीलंडच्या माओरींतही कोरेकोरे रात्री आहेतच. शतकानुशतके एकमेकांशी संपर्क नसलेल्या बेटांवर एवढे साम्य उरते ते मूळ वारसा एक म्हणून. तेव्हा रापा नुईच्या म्हाताऱ्यांनी सांगितले ते त्यांच्या आजोबा-पणजोबांचे होते, आणि या याद्या करणाऱ्या कुणालाही मामारीच्या त्या ओळींत चंद्र आहे हे ठाऊक नव्हते. दोन वाटांनी आलेले दोन पुरावे एका जागी मिळाले. मामारीचे वजन यात आहे.

आता या कसोटीवर दुसरे दावे घासून पाहू. रोंगोरोंगोत वर्षाचे 365 दिवस, तेरा गुणिले अठ्ठावीसचे 364, बारा चांद्रमासांचे 354, शुक्राचे 584, ग्रहणांची चक्रे, असे बरेच काही आजवर कुणाकुणाला गवसले आहे. पद्धत साधारण सारखी: अमुक फळीवरची किंवा अमुक दोन खुणांमधली चिन्हे मोजायची आणि बेरीज ओळखीच्या आकड्याशी जुळवायची. अडचण पहिली अशी की ‘एक चिन्ह’ म्हणजे काय हेच ठरलेले नाही. हातात कोर धरलेला माणूस हे एक चिन्ह की दोन? बार्थेल यांच्या यादीत सुमारे सहाशे क्रमांक आहेत. कॉन्स्तान्तिन पोझ्दन्याकोव यांनी जोडचिन्हे फोडून 2007 मध्ये दाखवले की पन्नासेक मूळ चिन्हांत जवळजवळ सगळा मजकूर बसतो. दोघांनी एकच ओळ मोजली तर बेरजा वेगळ्या येणार. त्यात फळ्या जळक्या, झिजलेल्या, कडा तुटलेल्या. काही फळ्यांची सुरुवात कुठल्या बाजूने हेही वादग्रस्त. मोजणाऱ्याला दोनचार चिन्हांची सूट सहज मिळते, आणि सूट मिळाली की आकडा जुळतोच.

किती सहज जुळतो ते कागद घेऊन पाहता येते. 28, 29, साडेएकोणतीस आणि 30 या चार लांबींच्या महिन्यांच्या पटी घ्या आणि मागेपुढे दोनची सूट द्या. 290 पासून 330 पर्यंत एकेचाळीस संख्या आहेत. त्यांतल्या तीस या ना त्या महिन्याच्या पटीत बसतात. म्हणजे त्या टापूत कुठल्याही फळीच्या चिन्हांची बेरीज पडली, तरी तिथे चांद्रमास ‘सापडण्याची’ शक्यता चारांत तीन, आणि हे अजून सौरवर्ष, शुक्र, ग्रहणे दाराशी उभी असताना. आपल्याकडे अशा नात्याला बादरायण संबंध म्हणतात. तुमच्या घरी बोरीचे झाड, आमच्या गाडीला बोरीचे चाक. मामारीच्या बाबतीत असे का म्हणता येत नाही? कारण तिथे पुरावा बेरजेत नाही. बेरीज अठ्ठावीसऐवजी सत्तावीस भरली असती तरी गटांची असमानता, मध्यावरचे बिंब आणि उलटणारा मासा जागच्या जागी राहिले असते. आकड्यावर उभा असलेला दावा एक चिन्ह झिजले की कोसळतो, रचनेवर उभा असलेला सहसा कोसळत नाही. पॉल होर्ले यांनी 2011 मध्ये बेटावरच्या खडकांवर कोरलेल्या चंद्रकोरींचाही याच चांद्रमासाशी संबंध तपासला, तो याच कारणाने विचारात घ्यावासा वाटतो: तिथे नुसती बेरीज जुळवलेली नाही, मांडणी ताडून पाहिली आहे.

आकारांच्या मोहाने वाट कशी चुकते याचा सर्वांत गाजलेला दाखला भारताशी निगडित आहे. 1932 मध्ये मूळचे हंगेरियन असलेले गियोम द हेवेशी यांनी मोहेंजोदडोच्या मुद्रांवरची चिन्हे आणि रोंगोरोंगोची चिन्हे शेजारी शेजारी मांडून दोन्ही लिप्या एकच असल्याचे पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवले. चित्रे पाहिली की क्षणभर कुणीही हबकेल. पण सिंधू संस्कृतीची नगरे ओस पडली त्याला रोंगोरोंगोच्या काळापर्यंत साडेतीन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. अंतराचे म्हणाल तर रापा नुईवरून पृथ्वीच्या पोटातून सरळ सळई घातली तर ती जैसलमेरच्या आसपास बाहेर पडेल. याहून लांब कुठे जाताच येत नाही. मेत्रो यांनी मूळ फळ्यांशी ताडून दाखवले की जुळणी बसावी म्हणून काही आकृत्यांना रेखाटताना हात लावला गेला होता. दोन अवाचित लिप्या एकमेकींच्या साक्षीदार होऊ शकत नाहीत, ही साधी गोष्ट त्या काळी पुष्कळांच्या ध्यानात आली नाही.

मामारीचे पंचांग मान्य केले, तर मग त्यावरून पुढची लिपी का वाचता येत नाही, हा प्रश्न उरतोच. त्याला मध्य अमेरिकेतल्या माया लिपीचा इतिहास फार चांगले उत्तर देतो. ड्रेस्डेनच्या ग्रंथालयातले ग्रंथपाल एर्न्स्ट फोर्स्टेमान यांनी 1880 नंतरच्या दोन दशकांत तिथल्या माया हस्तलिखितातली जवळजवळ सगळी कालगणना उलगडली: 260 दिवसांचे चक्र, शुक्राची कोष्टके, सारे काही. माया शब्दाचा उच्चार मात्र त्यांना करता येत नव्हता. तो करता यायला 1952 साल उजाडावे लागले, लेनिनग्राडच्या यूरी क्नोरोझोव यांनी चिन्हे अक्षरांची आहेत हे दाखवले तेव्हा. म्हणजे पंचांग हाती आल्यावरही लिपी साठ-सत्तर वर्षे मुकी राहिली. मधल्या काळात झालेली चूक अधिक बोलकी आहे. वाचता येत होते ते फक्त दिनांक, म्हणून एरिक थॉम्प्सनसारख्या दिग्गजाने बराच काळ धरून ठेवले की शिलालेखांत राजांचा इतिहास नाहीच, काळाचीच उपासना आहे. 1960 मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकोव यांनी त्याच दिनांकांत राजांचे जन्म आणि राज्यारोहण दाखवून तो समज मोडला. जे दिसते तेच सगळे आहे असे मानण्याची खोड रोंगोरोंगोच्या अभ्यासकांनाही आहे. चार ओळींत चंद्र निघाला म्हणून प्रत्येक फळीत आकाश शोधायचे, ही तीच चूक.

आणि माया लिपीला जे लाभले ते रोंगोरोंगोला लाभलेले नाही. माया लिपीत आकडे ठिपक्यांनी आणि आडव्या रेघांनी उघड लिहिलेले आहेत. रोंगोरोंगोत अंकाचे चिन्ह अजून ओळखलेले नाही. माया दिवसांची नावे चिन्हांसकट सोळाव्या शतकातल्या दिएगो दे लांदाच्या हस्तलिखितात होती, ते 1862 मध्ये माद्रिदला सापडले आणि 1864 मध्ये छापले गेले. सालांकडे पाहावे: एका लिपीची किल्ली सापडत होती त्या वर्षी दुसरीचे वाचणारे जहाजात कोंबले जात होते. मामारीवर रात्रींची नावे ध्वनींनी लिहिलेली असती, तर होतू आणि हिरो यांतला ‘हो’ आणि ‘हि’ वेगळा काढून इतर फळ्यांवर तपासता आला असता. पण कोर ही रात्र दाखवते, रात्रीचे नाव नव्हे. कोर मोजून ‘कोकोरे’ म्हणणारा ते नाव पाठांतरातून आणत होता; फळी नुसती आठवण करून देणारी होती. 1956-57 मध्ये क्नोरोझोव आणि बुतिनोव यांनी सांतियागोच्या लहान फळीवर वंशावळीसारखी पुनरावृत्ती दाखवली. 1990 च्या दशकात स्टीव्हन फिशर यांनी सांतियागोच्या दंडावरच्या दोन हजारांहून अधिक चिन्हांत विश्वोत्पत्तीच्या जोड्या वाचल्याचा दावा केला. पहिला शोध रचनेचा होता, म्हणून आजही विचारात घेतला जातो. दुसरा एका सूत्राला सगळीकडे ताणणारा, म्हणून गी आणि पोझ्दन्याकोव यांच्या तपासणीत टिकला नाही.

शेवटचा आक्षेप वयाचा. 1770 मध्ये स्पॅनिश जहाजे आली, सरदारांकडून ताब्याच्या कागदावर खुणा करून घेतल्या, आणि त्या कागदावरून बेटवाल्यांना लिहिण्याची कल्पना सुचली, असे मानणारे पुष्कळ आहेत. तसे असेल तर मामारीचे पंचांगही प्राचीन विद्या न राहता शंभर वर्षांचा नवा खटाटोप ठरते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या किरणोत्सारी कार्बनच्या चाचणीत रोममधल्या चार फळ्यांपैकी एकीचे लाकूड पंधराव्या शतकाच्या अखेरचे निघाले, बाकी तिन्ही बऱ्याच नंतरच्या. ती जुनी फळी म्हणजे बिशप जोसाँ यांच्याकडे केसांच्या दोरीत गुंडाळून आलेलीच. अर्थात झाड केव्हा तुटले हे कळले म्हणजे कोरले केव्हा हे कळत नाही. वाहून आलेले लाकूड अशा झाडे संपलेल्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या जपले जाऊ शकते. पण चांद्रमासाच्या प्रश्नाला या वादाने फारसा धक्का लागत नाही. रात्रींची नावे हवाईशी जुळतात, म्हणजे मोजण्याची विद्या लिपीहून कितीतरी जुनी; लिपी 1500 ची असो की 1780 ची, तिने आधीपासून चालत आलेला महिना टिपला. आणि स्पॅनिश कागदावरून काही शिकलेच असतील तर ते कागदावर खूण करायला; भरीची रात्र कुठे घालायची, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते.

मामारी ज्या लाकडाची आहे ते कातरीन ओर्लियाक यांच्या तपासणीत पारोसा पिंपळाचे ठरले, कोकणच्या किनाऱ्यावर खाडीकाठाने भेंडीसारखी पिवळी फुले घेऊन उभे असते तेच झाड. पोलिनेशियात त्याला पवित्र मानत. लाकूड असे ओळखता येते, त्यावरची लिपी नाही. 1914 मध्ये कॅथरीन रूटलेज या ब्रिटिश अभ्यासक रापा नुईला पोचल्या तेव्हा कुष्ठरोग्यांच्या वस्तीत तोमेनिका नावाचा एक वृद्ध होता. त्याला ताऊ नावाची लिखावट येते असे लोक सांगत, आणि ताऊ म्हणजे वर्ष. त्याने रूटलेज यांना कागदावर चिन्हे काढून दिली आणि काही ओळी म्हणूनही दाखवल्या. चिन्हे आणि शब्द यांची सांगड मात्र बसेना. त्यानंतर थोड्याच दिवसांत तोमेनिका वारला.